पेसमेकर बसवल्यानंतरही त्रास होत असेल, तर तो डॉक्टरांपुढे कसा मांडावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला विद्युतमार्ग बंद पडल्यामुळे, म्हणजे कम्प्लीट हार्ट ब्लॉकमुळे, पाच महिन्यांपूर्वी तुम्हाला दोन वायरींचा पेसमेकर बसवला. चक्कर येऊन पडणे थांबले. पण जिना चढताना पहिल्या मजल्यापर्यंत काही होत नाही आणि पुढे एकदम पाय गळून जातात, मधूनमधून मानेत ठोके उडतात आणि दिवसभर थकवा असतो. तीन वेळा पेसमेकर तपासून झाला, प्रत्येक वेळी ‘सगळे नॉर्मल आहे’ असे सांगण्यात आले आणि शेवटच्या भेटीत त्रास मनाचा असावा असे सुचवून गोळ्या लिहून दिल्या. डॉक्टरांनी हे गांभीर्याने घ्यावे यासाठी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

पेसमेकरच्या रुग्णांची तपासणी आणि प्रोग्रामिंग, म्हणजे यंत्र कसे वागावे याचे आकडे बाहेरून लावणे, हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि ‘सगळे नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून हताश झालेली माणसे माझ्याकडे नेहमी येतात. हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते, तरीही ते रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर नसते. नेहमीच्या तपासणीत बॅटरी किती उरली आहे, वायरींचा विद्युतरोध योग्य मर्यादेत आहे का, ठोका उमटवण्यासाठी किमान किती व्होल्ट लागतात आणि हृदयाचा स्वतःचा ठोका यंत्राला नीट ओळखता येतो का, एवढे पाहिले जाते. यातून यंत्र चालू आहे की नाही ते कळते. ते ज्या पद्धतीने लावले आहे ती पद्धत तुमच्या शरीराला मानवते की नाही, हे यातून कळत नाही. घड्याळ अचूक चालत असले तरी ते चुकीच्या वेळेला लावलेले असू शकते, तसेच हे आहे. म्हणून आपल्याला खरोखरच त्रास होतो हे पटवून देण्यात शक्ती खर्च करण्यापेक्षा, डॉक्टरांचे लक्ष पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्या प्रश्नाकडे कसे वळेल याचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते हे पाहिले की ही गल्लत का होते ते समजते. रुग्ण पलंगावर आडवा असतो, श्वास शांत असतो, ठोके संथ असतात आणि थोड्या वेळात काम आटोपते. अनेक ठिकाणी यंत्राचे वाचन तंत्रज्ञ करतात आणि डॉक्टरांपुढे येतो तो त्यांनी छापून काढलेला कागद. तंत्रज्ञ आपले काम काळजीपूर्वकच करतात, पण तुमचा जिना त्या कागदावर उतरत नाही, कारण जिन्याविषयी त्यांना बहुधा कोणी सांगितलेलेच नसते. शिवाय पेसमेकर प्रत्येक ठोक्याची चित्रनोंद ठेवत नाही. त्याची स्मृती मर्यादित असते. आधी ठरवून दिलेल्या निकषांत बसणाऱ्या घटनाच, उदाहरणार्थ वरच्या कप्प्याचा वेग एका मर्यादेपलीकडे जाणे, तो सविस्तर साठवतो आणि बाकीच्या सगळ्याचे फक्त एकत्रित आलेख उरतात. त्यामुळे ‘मेमरीत काही सापडले नाही’ याचा अर्थ, जे शोधायला सांगितले होते ते सापडले नाही, एवढाच घ्यावा.

आता तुमच्या लक्षणांकडे येतो. तुमच्या वर्णनातला सर्वांत मोलाचा शब्द ‘एकदम’ हा आहे. रक्त कमी असल्यामुळे, फुप्फुसांच्या विकारामुळे किंवा वजन वाढल्यामुळे लागणारी धाप पायरीगणिक वाढत जाते. जी धाप ठरावीक श्रमाला पोहोचताच एका क्षणात येते, तिच्यामागे त्या क्षणी ठोक्यांचा वेग बदलला असण्याची शक्यता आधी तपासावी लागते.

हार्ट ब्लॉकच्या बहुतेक रुग्णांमध्ये वरचा कप्पा श्रमाप्रमाणे आपला वेग योग्य रीतीने वाढवत असतो आणि पेसमेकर त्याच्या प्रत्येक संदेशामागून खालच्या कप्प्याला ठोका देतो. या दोन ठोक्यांमधले अंतर समजा २०० मिलिसेकंद ठेवले आहे. खालचा ठोका दिल्यानंतर यंत्र काही काळ वरच्या कप्प्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करते. तो काळ समजा ३०० मिलिसेकंद आहे. म्हणजे प्रत्येक ठोक्याबरोबर एकूण ५०० मिलिसेकंद यंत्र वरच्या कप्प्याचा नवा संदेश मोजत नाही. एका मिनिटात ६०,००० मिलिसेकंद असतात, तेव्हा दर मिनिटाला १२० ठोक्यांपर्यंत सगळे सुरळीत चालते. वरचा कप्पा १२२ वर गेला की प्रत्येक दुसरा संदेश त्या दुर्लक्षाच्या काळात पडून वाया जातो आणि नाडी १२० वरून थेट ६१ वर येते. शरीराला सर्वाधिक रक्त हवे असते त्याच क्षणी पुरवठ्याचा वेग निम्मा होतो. माणूस कठडा धरून थांबतो, वरच्या कप्प्याचा वेग उतरतो, सगळे पूर्ववत होते, आणि पलंगावर झोपवून केलेल्या तपासणीत यातले काहीही दिसत नाही. मध्यम वयाच्या माणसाचा वरचा कप्पा दोन मजले चढताना १२० ओलांडतो, यात विशेष काही नाही.

याचे उत्तर बहुधा प्रोग्रामिंगमध्येच असते. वेग वाढेल तसे दोन कप्प्यांमधले अंतर आपोआप कमी होऊ देणे, दुर्लक्षाचा काळ थोडा कमी करणे आणि यंत्राने वरच्या कप्प्याचा पाठपुरावा करण्याची कमाल मर्यादा वयाला साजेशी ठेवणे, हे बदल शस्त्रक्रियेशिवाय, बसल्या बैठकीत होतात. मात्र हा दुर्लक्षाचा काळ निष्कारण ठेवलेला नसतो. तो फार कमी केला, तर खालून उलट वर गेलेला संदेश यंत्र नवा ठोका समजू शकते आणि त्यातून यंत्रानेच चालू ठेवलेली जलद धडधड सुरू होऊ शकते. म्हणून बदल सुचवताना ‘अमुक आकडा करा’ असा आग्रह धरू नये. ‘माझी कमाल मर्यादा किती आहे आणि कोणत्या वेगाला दोनातला एक ठोका गळू लागतो?’ एवढेच विचारावे. हा दुसरा आकडा अनेक प्रोग्रामरच्या, म्हणजे पेसमेकर तपासण्याच्या आणि लावण्याच्या उपकरणाच्या, पडद्यावर तयार दिसतो, आणि तुमचा त्रास नेमका त्याच वेगाला सुरू होतो असे आढळले, तर पुढे फारसे पटवून द्यावे लागत नाही.

मानेतल्या ठोक्यांचा विचार वेगळा करावा लागतो. वरचा आणि खालचा कप्पा एकाच वेळी आकुंचन पावले, तर वरच्या कप्प्यापुढची झडप बंद असते आणि रक्त मागे मानेच्या शिरांमध्ये फेकले जाते. तो ठोका रुग्णाला स्पष्ट जाणवतो. जोडीला थकवा, धाप, डोके हलके होणे, कधी खोकला आणि रक्तदाब उतरणे हे आले, की त्याला पेसमेकर सिंड्रोम म्हणतात. मित्सुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये याचे वर्णन केले, त्यामुळे ही कल्पना डॉक्टरांना नवी नाही. सायनस नोडच्या, म्हणजे हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो त्या भागाच्या, विकाराच्या २,०१० रुग्णांवर केलेली मोस्ट ही चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सगळ्यांना दोन वायरींचेच यंत्र बसवले होते, पण निम्म्यांचे यंत्र फक्त खालच्या कप्प्याला ठोके देईल असे लावले होते. त्यांच्यापैकी सुमारे १८ टक्के रुग्णांमध्ये पेसमेकर सिंड्रोम निर्माण झाला, आणि यंत्राची पद्धत बदलल्यावर त्यांचे जीवनमान सुधारले. यंत्र तेच, वायरी त्याच, फक्त लावण्याची पद्धत वेगळी, आणि माणसाच्या दिवसात एवढा फरक पडतो, ही गोष्ट मला आजही फार महत्त्वाची वाटते.

तुमचा पेसमेकर दोन वायरींचा असल्यामुळे हे होणारच नाही, असे कोणी म्हणाले तर ते पूर्ण बरोबर नाही. वरच्या कप्प्यातली वायर किंचित सरकली असेल, तिला तिथला संदेश अधूनमधून ओळखता येत नसेल, दोन कप्प्यांमधले अंतर जास्त लांब ठेवले असेल किंवा विद्युत गोंगाटाला अनियमित धडधड समजून यंत्र वारंवार आपली पद्धत बदलत असेल, तर दोन वायरी असूनही कप्प्यांचा ताळमेळ तुटतो. याची तपासणी सोपी आहे. तुम्हाला बसवून, वेगवेगळ्या पद्धतींवर यंत्र ठेवून प्रत्येक वेळी रक्तदाब मोजायचा आणि काय वाटते ते विचारायचे. एखाद्या पद्धतीत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरला आणि नेमका तोच त्रास जाणवला, तर तो सबळ पुरावा असतो. कोणती पद्धत चालू आहे हे रुग्णाला न सांगता ही चाचणी केली तर अधिक चांगले, कारण मग निष्कर्षावर कोणालाच शंका घेता येत नाही.

दिवसभराच्या थकव्यासाठी आणखी एक कारण तपासून बाजूला काढले पाहिजे. उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला वायर असली की ठोका तिथून सुरू होतो आणि डावा कप्पा किंचित उशिरा आकुंचन पावतो. कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये जवळजवळ प्रत्येक ठोका पेसमेकरच देत असतो. बहुतेकांना याने काही होत नाही, पण काही रुग्णांमध्ये महिन्यांनी किंवा वर्षांनी डाव्या कप्प्याची ताकद कमी होते. पेसिंगचे, म्हणजे यंत्राने दिलेल्या ठोक्यांचे, प्रमाण २० टक्क्यांच्या वर असेल तेव्हापासूनच हा धोका लक्षात घेतला जातो. तुमचे प्रमाण त्याहून कितीतरी जास्त असणार. यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो आणि तो पेसमेकर बसवण्यापूर्वीच्या इकोशी ताडून पाहावा लागतो. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा, आधी ६० होते आणि आता ५० आहे, तर नुसत्या आजच्या अहवालावर ‘जवळपास नॉर्मल’ असे लिहिलेले असू शकते. घसरण दिसते ती दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर. म्हणून जुना इको अहवाल शोधून सोबत न्यावा. ताकद खरोखर कमी झाली असेल, तर डाव्या कप्प्यालाही वायर देणे किंवा हृदयाच्या नैसर्गिक विद्युतमार्गात वायर बसवणे, असे उपाय उपलब्ध आहेत.

बाकीची काही कारणे थोडक्यात सांगतो. श्रमाप्रमाणे वेग वाढवण्याची सोय अनेक यंत्रांत शरीराच्या हालचालीवर चालते. ज्यांच्या वरच्या कप्प्याचा वेगच वाढत नाही त्यांना तिची गरज असते, पण ती जास्त संवेदनशील ठेवली, तर वाहनात बसून धक्के बसतानाही धडधड होते, आणि कमी ठेवली, तर जिना चढताना वेग पुरेसा वाढत नाही. काही यंत्रे ठोक्याला लागणारे व्होल्ट रात्री ठरावीक वेळी आपोआप तपासतात. रोज साधारण त्याच वेळी विचित्र ठोक्याने जाग येत असेल, तर ती वेळ लिहून ठेवावी. हात वर केल्यावर किंवा एका विशिष्ट बाजूला वळल्यावरच भोवळ येत असेल, तर वायरीतला दोष अधूनमधून प्रकट होत असू शकतो आणि तो हात स्थिर ठेवून पकडता येत नाही. तपासणीच्या वेळी त्याच हालचाली करून पाहण्याची विनंती करावी. पोटाच्या वरच्या भागात ठोक्याबरोबर स्नायू उडत असेल किंवा सतत उचकी लागत असेल, तर विद्युतप्रवाह श्वासपटलापर्यंत पोहोचत असण्याची शक्यता असते. अशा उडणाऱ्या स्नायूचे मोबाइलवर चित्रीकरण करून दाखवले, तर वर्णनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

पेसमेकरशी संबंध नसलेली कारणेही तितक्याच मोकळेपणाने तपासू द्यावीत. पेसमेकर ठोका देतो, रक्तदाब सांभाळत नाही. उभे राहिल्यावर रक्तदाब उतरत असेल, तर उत्तम यंत्र असूनही चक्कर येते. रक्ताल्पता, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा, रक्तदाबाची किंवा ठोके कमी करणारी औषधे, यांपैकी कशानेही थकवा येतो. ‘आधी हेच बघा, यंत्रच बिघडले आहे’ असा हट्ट धरणाऱ्या रुग्णाशी डॉक्टरांचे संभाषण लवकर तुटते, असा माझा अनुभव आहे. दोन्ही दिशांना तयार असलेल्या रुग्णाचे म्हणणे अधिक ऐकले जाते.

घरच्या ऑक्सिमीटरविषयीही सांगितले पाहिजे, कारण त्यातून उगाच घबराट होते. यंत्र ६० वर लावलेले असताना बोटावर ४२ दिसले, तर पेसमेकर बंद पडला असे वाटते. पुष्कळदा मधे जादा ठोके येत असतात. ते अवेळी पडल्यामुळे बोटापर्यंत पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि ऑक्सिमीटर ते मोजत नाही. ईसीजीवर मात्र ते दिसतात. तरीही हा आकडा क्षुल्लक समजून सोडून देऊ नये. तारीख आणि वेळेसह नोंदवावा आणि त्या वेळी भोवळ येत असेल तर लगेच ईसीजी काढून घ्यावा.

काही लक्षणांसाठी पुढच्या भेटीची वाट पाहायची नसते. पुन्हा शुद्ध हरपणे किंवा हरपता हरपता सावरणे, छातीत दुखणे, झपाट्याने वाढणारी धाप, पेसमेकर बसवलेल्या बाजूचा हात सुजणे आणि थंडी वाजून ताप येणे, यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पेसमेकरच्या जागेवर लाली, सूज, उष्णता, पाझर किंवा त्वचा पातळ होऊन यंत्राची कड दिसू लागणे हे संसर्गाचे चिन्ह असू शकते, आणि ते बसवल्यानंतर कित्येक महिन्यांनी, वर्षांनीही दिसू शकते. अशा वेळी त्या जागेत सुई घालून पाणी काढणे योग्य नाही, आणि रक्ताचे कल्चर (रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी) घेण्यापूर्वी अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करणेही योग्य नाही. गोळ्यांनी वरची लाली ओसरते, आतला संसर्ग राहतो आणि निदान लांबते. संसर्ग सिद्ध झाला तर यंत्र आणि वायरी पूर्ण काढाव्या लागतात. हे कठोर वाटले तरी अर्धवट उपायांनी रुग्णाचे नुकसान झालेले आम्हाला पाहावे लागते, म्हणून इतके ठामपणे लिहितो.

आता मांडणीविषयी. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे नोंद ठेवावी. प्रत्येक प्रसंगाची तारीख, मिनिटापर्यंत वेळ, तेव्हा काय करत होता, उभे होता की बसलेले, त्रास किती वेळ टिकला, शक्य असल्यास नाडी आणि रक्तदाब, एवढे पुरे. वेळ महत्त्वाची, कारण यंत्राच्या नोंदीही वेळेनुसार असतात. यंत्राचे घड्याळ काही मिनिटे पुढेमागे असू शकते, म्हणून तपासणीच्या वेळी ते तुमच्या घड्याळाशी ताडून घ्यायला सांगावे. पाने भरून लिहिलेली वही कोणी वाचत नाही. तिच्यातून एकच पान तयार करावे: यंत्र कधी आणि कशासाठी बसवले, आधी काय करता येत होते, आता काय करता येत नाही, सर्वांत स्पष्ट तीन प्रसंग, चालू औषधे. ‘मला बरे वाटत नाही’ या वाक्याने डॉक्टरांना धरायला काही मिळत नाही. ‘आजारापूर्वी मी न थांबता तीन मजले चढत होतो, आता दुसऱ्या मजल्याच्या मध्यावर दर वेळी थांबावे लागते आणि दोन मिनिटांत पुन्हा चालता येते’ या वाक्यात श्रम, मर्यादा, सातत्य आणि कालावधी चारही आहेत, आणि ते तपासून पाहता येते.

आपण वाचून काढलेले निदान पहिल्याच वाक्यात सांगू नये. मला स्वतःला रुग्णाने वाचन केलेले आवडते, पण लक्षणाआधी निदान ऐकले की पुष्कळ डॉक्टरांचे मन ते निदान खोडून काढण्यात गुंतते आणि लक्षण बाजूला राहते. आधी प्रसंग सांगावा, मग प्रश्न विचारावा. ज्यांनी तुम्हाला त्रास होताना पाहिले आहे अशा घरच्या माणसाला सोबत न्यावे. चेहरा पांढरा पडला होता का, बोलणे तुटत होते का, हे तुमच्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. आणि वेळ ठरवतानाच सांगावे की ही नेहमीची तपासणी नसून चालू असलेल्या लक्षणांसाठीची भेट आहे. एवढ्याने वेगळा वेळ राखून ठेवला जाण्याची शक्यता वाढते.

प्रश्न मोजके आणि उत्तर देता येतील असे असावेत. माझे यंत्र कोणत्या पद्धतीवर लावले आहे, वरच्या आणि खालच्या कप्प्याचे पेसिंग किती टक्के आहे, पद्धत आपोआप किती वेळा बदलली, मी लिहिलेल्या या वेळांच्या आसपास काही नोंद आहे का, हे त्याच बैठकीत सांगता येते. यानंतर मुख्य विनंती करावी: ‘हा त्रास मला जिन्यावर होतो, तर जिना चढून येऊन लगेच यंत्र तपासता येईल का, किंवा ट्रेडमिलवर ईसीजी पाहता येईल का?’ ते शक्य नसेल तर होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवसभर ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र, लावून त्या दिवशी मुद्दाम जिना चढावा आणि वेळ लिहावी. त्रास रोज होत नसेल, तर अधिक दिवस लावता येणारा नोंदयंत्राचा पर्याय विचारावा. तुमच्या यंत्राला घरून माहिती पाठवण्याची सोय असेल, तर त्रास होताच रुग्णाने स्वतः नोंद पाठवण्याची परवानगी आहे का तेही विचारावे; काही प्रणालींत ती असते. मात्र ती तातडीची सेवा नसते, पाठवलेली नोंद कोणीतरी पाहायला वेळ लागतो, हे लक्षात ठेवावे. आणि प्रत्येक तपासणीनंतर छापील अहवालाची प्रत मागून घ्यावी. पुढे दुसऱ्या तज्ज्ञांकडे जायचे ठरले, तर हे कागद म्हणजे अर्धे काम झालेले असते.

‘हे मनाचे आहे’ या उत्तराविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. शुद्ध हरपून पडलेल्या माणसाच्या मनात भीती घर करते, पेसमेकर बसल्यावरही ती राहते, आणि भीतीने धडधड आणि थकवा दोन्ही होतात. हे नाकारू नये. पण चिंता आणि प्रोग्रामिंगमधली त्रुटी या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, आणि एकीच्या उपचारासाठी दुसरीचा शोध थांबवण्याचे काही कारण नाही. स्त्रियांना आणि वृद्धांना हे उत्तर लवकर मिळते, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि ते मला अजिबात मान्य नाही. असे उत्तर मिळाल्यास वाद न घालता म्हणावे: ‘चिंतेचा भाग असेल तर त्याचे उपचार घ्यायला माझी तयारी आहे. पण श्रमाच्या वेळी यंत्र कसे वागते हे तपासले गेले आहे का, आणि कोणत्या तपासण्यांनी कोणती कारणे बाजूला काढली, ते कृपया केसपेपरवर लिहून द्याल का?’ या विनंतीत कोणावर आरोप नाही. लिहायला बसल्यावर मात्र, श्रमाची तपासणी झालेलीच नाही, हे डॉक्टरांच्या स्वतःच्याच लक्षात येते, आणि बहुतेक जण मग ती करून घेतात.

तरीही दार बंदच राहिले, तर हृदयाच्या लयीचे तज्ज्ञ, म्हणजे इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट, यांचे दुसरे मत घ्यावे. ज्यांनी पेसमेकर बसवला त्यांच्याकडे दुसऱ्या मतासाठी चिठ्ठी मागण्यात अपमान कोणाचाच नाही. मी स्वतः अशा चिठ्ठ्या देतो आणि माझ्याकडेही येतात. यंत्र कोणत्या कंपनीचे आहे ते तुमच्या ओळखपत्रावर लिहिलेले असते. एका कंपनीचा प्रोग्रामर दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला चालत नाही, म्हणून नव्या ठिकाणी तो उपलब्ध आहे का हे आधी विचारून मगच जावे. सोबत शस्त्रक्रियेचा अहवाल, आधीचा ईसीजी, दोन्ही इको, तपासण्यांच्या प्रती आणि ते एक पान न्यावे.

प्रोग्रामिंग बदलले गेले, तर एका वेळी एकच बदल व्हावा असा आग्रह धरायला हरकत नाही, कारण चार आकडे एकत्र बदलले आणि बरे वाटले, तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडले तर काय मागे घ्यायचे तेही कळत नाही. जुने आकडे लिहून घ्यावेत. जिन्यावरचा फरक पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळतो, थकव्याला मात्र दोन-तीन आठवडे द्यावेत, आणि तेवढे दिवस तोच जिना, शक्यतो त्याच वेळी आणि त्याच गतीने चढून नोंद चालू ठेवावी. पुढच्या भेटीत बदलापूर्वीची आणि नंतरची नोंद एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहून न्यावी, आणि काहीच फरक पडला नसेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे, म्हणजे डॉक्टरांना पुढच्या कारणाकडे वळता येईल.